आंब्याला टांगलेलं दार

माझ्या थोरल्या भावाला धंद्याचं डोकं होतं, असं आमच्या तळा गावात आजही सांगतात. सांगोत बापडे. त्यांच्या घरातलं कुणी त्या डोक्याखाली भरडलं गेलं नाही, म्हणून त्यांना कौतुक. मी त्याची पाठची बहीण. त्या डोक्यात काय काय होतं ते मला माहीत आहे, आणि काय नव्हतं तेही.

आमच्या माहेरचा धंदा तांब्यापितळेच्या भांड्यांचे पोचे काढण्याचा आणि कल्हईचा. वडील चेपलेली घागर मांडीवर घ्यायचे, आतून लोखंडी गोळा लावायचे आणि बाहेरून लाकडी मोगरीनं हलके हलके ठोकायचे. पोचा कुठं होता ते नंतर घरधनिणीलाही सापडत नसे. स्वराज्य आलं, कुलाबा जिल्ह्यातले रस्ते हळूहळू मोटारीजोगे झाले, ट्रक आले, एस.टी. आली, आणि वळणावळणांच्या त्या अरुंद रस्त्यांवर गाड्या एकमेकींना घासू लागल्या. दादानं एकदा एका ट्रकचं चेपलेलं मडगार्ड घागरीसारखं मांडीवर घेऊन सरळ केलं. त्या दिवसापासून भांडी मागं पडली. गावाबाहेर रस्त्याला लागून, एका जुन्या आंब्याजवळ त्यानं पत्र्याची शेड घातली. दोन पावसाळ्यांत शेजारी दुसरी शेड आली, रंगकामाला वेगळा माणूस आला, आणि लोक त्याला गॅरेज म्हणायला लागले.

गॅरेज वाढलं की गिऱ्हाईक वाढायला हवं, आणि त्यासाठी खिशाला हात लावायचा नाही, हा दादाचा पण. विहिरीवर येणाऱ्या बायकांच्या हंडे-कळशांचे पोचे तो फुकट काढून द्यायचा. अट एवढीच, की माहेरी गेल्यावर सांगायचं, मोटारीचे पोचेही इथंच निघतात. उरलेल्या रंगाचे डबे घेऊन त्यानं घाटातल्या अवघड वळणांवरचे कातळ गाठले. त्यांवर मोठ्या अक्षरांत ‘सावकाश’ लिहिलं आणि खाली बाण काढून गॅरेजचा पत्ता. जिथं माणूस आपटायचा, तिथंच त्याला पुढचा मुक्काम वाचायला मिळायचा. आगरदांड्याच्या धक्क्यावर गाड्या खाडीपलीकडं दिघीला नेणाऱ्या तरीची वाट बघत उभ्या असत. तिथल्या हमालांना दादा विड्या पुरवायचा. त्यांचं काम सोपं होतं. गाडीला एखादा ओरखडा दिसला की भोवती फिरायचं, चुकचुकायचं आणि ड्रायव्हरच्या कानाशी म्हणायचं, “मालकानं बगितलंन का ह्ये? नोकरीवर बेतंल हो.” घाबरलेला ड्रायव्हर घासाघीस करत नाही, हे दादानं फार लवकर ओळखलं होतं. माहेरी गेले की या गोष्टी तो रंगवून सांगायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो.

माझे यजमान ड्रायव्हर होते. दिवेआगरला एक नारळ-सुपारीचे बागायतदार होते, त्यांची काळी मोटार हे चालवायचे. चार माणसांत हे कधी बोलायचे नाहीत. लग्नकार्यात कुणी नाव घ्यायचा आग्रह केला तर कान लाल व्हायचे. पण स्टेअरिंगमागं बसले की माणूस बदलायचा. पाठ ताठ, नजर रस्त्यावर, हात असे हलके की बागायतदारांच्या म्हाताऱ्या आईला मागच्या सीटवर झोप लागायची. ती सगळ्यांना सांगायची, पाळण्यात बसल्यासारखं वाटतं. ह्यांना आयुष्यात दुसरं काही नको होतं. तळ्याजवळच्या आमच्या गावची शेती धाकट्या दिरावर सोपवलेली, मान-पानाची हौस नव्हती. गाडी चालवायला मिळाली की झालं.

मग ती संध्याकाळ आली. हे रिकामी गाडी घेऊन परत दिवेआगरला निघाले होते. एका वळणावर समोर डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली कातकऱ्याची म्हातारी. ती गांगरली आणि बाजूला होण्याऐवजी रस्त्याच्या मधोमधच उभी राहिली. ह्यांनी गाडी वळवली, ती चरात जाऊन एका बाजूनं कातळावर आदळली. म्हातारीला धक्कासुद्धा लागला नाही. ती मोळी तिथंच टाकून पळाली. ह्यांच्या कपाळाला खोक पडली, आणि मोटारीची डावी बाजू पार चेपली. बागायतदार मोठ्या मनाचे. म्हणाले, “माणूस वाचलं ना? मग पत्र्याचं काय घेऊन बसलास.” गाडी अर्थातच दादाकडे आली.

कामात दादाला तोड नव्हती, हे मी रागातही नाकारणार नाही. त्यानं मडगार्ड असं सरळ केलं की बागायतदार हात फिरवून बघत राहिले. दार मात्र वाचण्यातलं नव्हतं. त्याचा पत्रा फाटून आत वळला होता. दादानं नवीन दार बनवून बसवलं आणि जुनं ठेवून घेतलं. पुढच्या आठवड्यात मी तळ्याच्या बाजाराला गेले तेव्हा ते दार रस्त्याकडच्या आंब्याला दोरानं टांगलेलं होतं. खाली पाटी: ‘या दाराची गाडी आज नवीकोरी धावत आहे. आत या.’

मी तिथंच उभी राहून त्याला म्हटलं, “दादा, हे काढ. सगळ्यांना ठाऊक आहे हे दार कुणाच्या हातून चेपलं.”

“अगो बाय, नाव लिवलंय काय मी? दार हाय नुसतं.”

“जावयाची अशी शोभा करतात का?”

“शोभा कसली? गाड्या थांबतायत. भावोजींमुळं आपल्या घराचं कल्याण व्हतंय, ह्ये चांगलं न्हाय?”

गाड्या थांबत होत्या हे खरं. पण थांबलेला माणूस पहिला प्रश्न विचारायचा, झालं काय होतं? दादा सुरुवातीला खरं सांगायचा. म्हातारी, मोळी, चर. ऐकणारा मान हलवायचा, “बिचारा” म्हणायचा आणि गाडीत बसून निघून जायचा. दादाला ‘बिचारा’ नको होतं. माणूस हसला की रेंगाळतो, रेंगाळला की आपल्या गाडीचा ओरखडा दाखवतो, हे त्याचं गणित. म्हणून त्यानं म्हातारी काढून टाकली आणि तिच्या जागी शेतातलं बुजगावणं उभं केलं.

नवीन गोष्ट अशी. ड्रायव्हर तिन्हीसांजेचा एकटा येत होता. रस्त्याकडेच्या शेतात धोतर नेसवलेलं बुजगावणं. ड्रायव्हरला वाटलं, खवीस! त्यानं हॉर्न दिला. खवीस हलेना. त्यानं दिवे लावले-विझवले. खवीस ढिम्म. शेवटी ड्रायव्हरनं दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, “बाबा, वाट दे, नारळ देतो.” पण हात जोडायला स्टेअरिंग सोडायला लागतं की नाही? इथं दादा दोन्ही हात उचलून जोडायचा, डोळे मिटायचा आणि पायानं रिकामा डबा लाथाडायचा. ऐकणारे खाली बसून हसायचे. हसता हसता कुणी ना कुणी म्हणायचं, बघा हो, आमचंही मागचं बंपर जरा वाकलंय.

ह्यांच्या कानावर गेलं तेव्हा हे एवढंच म्हणाले, “लोकांना कळतं गं खोटं काय नि खरं काय.” मला त्या भाबडेपणाचा संताप आला. लोकांना कळतं, पण लोकांना हसायचंही असतं.

फाल्गुन आला. आमच्याकडे शिमग्याला सोंगं निघतात. कुणी नवरी होतं, कुणी साहेब, कुणी सावकार. दारोदार नाचतात, पोस्त म्हणून पैसे मागतात, आणि गावातल्या कुणाचीही टर उडवतात. त्या दिवसांत कुणी रागवायचं नाही. रागावला तो दुसऱ्या वर्षी दुप्पट गाजतो. दादानं सोंगवाल्यांना शेडमधलं एक मडगार्ड दिलं, एक तुटकं स्टेअरिंग दिलं, आणि ड्रायव्हर-खविसाचं सोंग बसवून घेतलं. सोंगाच्या शेवटी खवीसच ड्रायव्हरला उठवून सांगायचा, “रडू नको लेका, तळ्याच्या गॅरेजात जा.” बोर्लीच्या एका मालकाचा ट्रक दुरुस्त होऊन पोचवायचाच होता. दादानं सगळी सोंगं त्यातच कोंबून धाडली. मांदाड, म्हसळा, बोर्ली अशी ती नाचत गेली आणि रंगपंचमीच्या सुमारास दिवेआगरला बागायतदारांच्या अंगणात उतरली.

हे तेव्हा अंगणाच्या कडेला मोटार पुसत होते. सोंगातल्या ड्रायव्हरनं बरोबर ह्यांच्यासारखी टोपी घातलेली, ह्यांच्यासारखी मान पुढं काढलेली. वाडीतले गडी, पाहुणे, बायका, पोरं सगळी लोटपोट झाली. बागायतदारही हसले. ह्यांना पुढं ओढून सोंगाशेजारी उभं केलं आणि खरा कोण, खोटा कोण असा खेळ झाला. शिमगा होता. ह्यांनीही हसायला पाहिजे होतं, हे हसले.

एकटी बागायतदारांची आई हसली नाही. तिनं ते सोंग खरं मानलं. दुसऱ्या दिवसापासून ती मोटारीत बसेना. भुताला भिऊन हात सोडणाऱ्याच्या गाडीत मी सुनांना पाठवणार नाही, म्हणाली. ह्यांनी तिच्यापुढं उभं राहून म्हातारीची, मोळीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “तेव्हा का नाही रे सांगितलीस?” ह्यांनी तेव्हाच सांगितली होती. पण सोंग नंतर आलं होतं आणि नाचत आलं होतं, त्यामुळं तेच तिच्या डोक्यात राहिलं. पाहुणेरावळेही बागायतदारांना विचारायला लागले, तुमचा खवीस काय म्हणतो? ते गृहस्थ कंटाळले. चैत्रात त्यांनी ह्यांना बोलावून घेतलं, पाठीवर हात ठेवला, सुपारीचं एक पोतं दिलं आणि नवा ड्रायव्हर बघितल्याचं सांगितलं. आवाज चढवला नाही, दोष दिला नाही. हे सुपारीचं पोतं खांद्यावर घेऊन घरी आले तेव्हा मला वाटलं, त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर्षभर ह्यांनी रोह्यापासून श्रीवर्धनपर्यंत खेटे घातले. ट्रकमालक नाव विचारायचे, गाव विचारायचे, मग ओठ दाबून एकमेकांकडे बघायचे. एकानं तर समोर नारळ ठेवला. शेवटी दादाच घरी आला. चेहरा एवढा कनवाळू केलेला की माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“भावोजी, घरात बसून काय करताव? माझ्याकडं या. काम काय न्हाय. लोक थांबतात, त्यांस्नी काय झालं त्ये सांगायचं. मी सांगून सांगून थकलो.”

“कुठली गोष्ट सांगायची?” ह्यांनी विचारलं.

“चालते ती.”

मी म्हटलं, उपाशी राहू पण तिकडं जाऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी टोपी घातली आणि गेले.

पहिले काही दिवस ह्यांना सांगताच यायचं नाही. अडखळायचे, मान खाली घालायचे, आणि त्यालाच लोक जास्त हसायचे. मग हळूहळू जमायला लागलं. लग्नात नाव घेताना लाल होणारा हा माणूस रस्त्यावर उभा राहून खविसाचे आवाज काढायला लागला. कधी कमी हसू आलं तर घरी आल्यावर उतरलेला चेहरा. जेवताना मधेच म्हणायचे, हात जोडण्याआधी टोपी काढली तर? मी ताट उचलून आत जायची.

एकदा घरी आले, टोपी खुंटीला लावली. मग म्हणाले, “आज ती म्हातारी होती. मोळीवाली. बाजारातून येताना थांबली, माणसं हसतात म्हणून.”

“मग?”

“पोट धरून हसली. मला ओळखलं नाही तिनं.”

मी विचारलं, तुम्ही तिला सांगितलं नाहीत? म्हणाले, “गिऱ्हाईक होतं ना.”

आगरदांड्याला सुक्या मासळीचे एक मुसलमान व्यापारी होते. त्यांच्या घरच्या तांब्याच्या मोठ्या देगा, म्हणजे हंडे, माझ्या वडिलांकडे कल्हईला यायच्या. त्यांच्या बीबींनी मला लहानपणापासून पाहिलेलं. मी त्यांच्याकडे जाऊन पदर पसरला. व्यापाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. खरी गोष्टही ऐकली.

“बेटी, आदमी अच्छा हाय तुझा, मला मालूम हाय,” ते म्हणाले. “माझा एक ट्रक रिकामा उभा हाय, ड्रायव्हर मुंबैला पळाला. पण ते दार तिथं टांगलेलं असताना मी कसा ठेवू? रोज माझी गाडी तिथून जानार, रोज लोक हसनार. पहिलं ते उतरव. मग घेऊन ये त्याला.”

दिवाळी तोंडावर होती. भाऊबीजेला मी दादाला पाटावर बसवलं, ओवाळलं, आणि तो तबकात लुगडं ठेवायला लागला तेव्हा त्याचा हात धरला. म्हटलं, “लुगडं नको. ते दार उतरव.” घर भरलेलं होतं. चुलत्या, माम्या, वहिनी सगळ्या बघत होत्या. ओवाळणीला नाही म्हणणारा भाऊ आमच्याकडे तोंड दाखवू शकत नाही. दादानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग हसून म्हणाला, “येवढंच व्हय? तुझ्यापुढं दार काय गो!” त्याच संध्याकाळी दार खाली आलं. लग्न होऊन सासरी गेल्यापासून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

व्यापारी शब्दाला जागले. दोन दिवसांनी स्वतः ट्रक घेऊन गॅरेजपाशी आले, शेजारच्या सीटवर सरकले आणि ह्यांना म्हणाले, “चालवून दाखव, भाई.” हे चढले. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. ह्यांनी स्टेअरिंगवर हात ठेवले आणि पाठ ताठ झाली. तीच जुनी पाठ. मला रडू फुटलं. ट्रक वळणापर्यंत गेला, तिथं अलगद फिरला आणि परत यायला लागला. व्यापारी आतून माझ्याकडे बघून मान डोलवत होते. गॅरेजातली सगळी माणसं बाहेर येऊन उभी राहिली होती. दादा सर्वांच्या पुढं. ट्रक समोर आला तसा तो दोन्ही हात वर करून ओरडला, “भावोजी, खवीस!”

ह्यांचे हात सुटले. दोन्ही. तोंडावर ते रस्त्यावरचं हसू आलं, डोळे मिटले आणि हात जुळले. हा सगळा खेळ ह्यांनी इतक्या वेळा केला होता की शरीरानं विचारलंच नाही आपण कुठं बसलोय ते. ट्रक बाजूच्या खडीच्या ढिगात घुसला आणि थांबला. कुणाला काही झालं नाही. माणसं हसत सुटली. खरंच गंमत झाली होती.

व्यापारी हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, “भाई, उतर.” मग माझ्यापाशी आले, डोक्यावर हात ठेवला आणि परत फिरले.

लोक म्हणतात, दादाच्या तोंडून सवयीनं गेलं. मी त्याची बहीण आहे, मला विचारा. ह्यांच्याशिवाय त्याच्या आंब्याखाली कोण थांबणार होतं? खडीनं ट्रकच्या नाकाला पोचा आला होता. दादानं तो तिथल्या तिथं, व्यापाऱ्यांना उन्हात खुर्ची देऊन, फुकट काढून दिला, आणि असा काढला की पुढं त्या घराच्या सगळ्या गाड्या आमच्याच गॅरेजात यायला लागल्या.

ट्रक गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, घरी चला. आपण कुठं तरी लांब जाऊ, पनवेलला, पुण्याला, जिथं हे कुणाला माहीत नाही. हे शेडच्या मागं गेले. मला वाटलं, तोंड धुवायला गेले असतील. बाहेर आले ते खांद्यावर दार घेऊन. आंब्याला शिडी लावली आणि मला म्हणाले, “जरा धर गं, हलतेय.”

मी म्हटलं, “तुम्ही हे का करताय? तुम्हाला कुणी सांगितलंय?”

“दार नसलं की लोक थांबत नाहीत. दोन दिवस बघतोय मी. काय करू मग?” ह्यांचा आवाज चिडलेला होता, आणि चिडले होते ते माझ्यावर. “तुला कुणी सांगितलं होतं ओवाळणीत मागायला?”

दादा शेडच्या दारात उभा राहून बघत होता. त्याला काही सांगायची गरजच नव्हती. मी शिडी धरली. ह्यांनी दोर फांदीवरून टाकला, गाठ पक्की केली, दार थोडं तिरकं करून फाटलेला पत्रा रस्त्याकडे वळवला. मग वरूनच विचारलं, “रस्त्यावरून नीट दिसतंय का बघ.”

मी रस्त्यावर जाऊन पाहिलं आणि दिसतंय म्हणून सांगितलं. तेवढ्यात वळणावरून एक मोटार आली, हळू झाली, आणि काचेतून कुणीतरी बोट दाखवलं. ती निघून जाऊ नये म्हणून हे शिडीवरून घाईघाईनं उतरले आणि टोपी सारखी करत तिच्यामागं धावले.